मुक्या जबड्याची कैफियत

ब्राझीलच्या ईशान्य भागातील झाडीत राहणारे मार्मोसेट नावाचे माकड पूर्ण वाढले तरी वजनाने तीनचारशे ग्रॅमच भरते आणि त्याचा मेंदू आठ ग्रॅमच्या आसपास असतो. तथापि त्याच्या कवटीचे क्ष-किरण चित्र प्रथमच पाहणाऱ्याला तिच्या लहान आकारापेक्षा तिच्या ओळखीच्या रूपाचेच अधिक आश्चर्य वाटते. समोर रोखलेले डोळे, त्यांच्यामागे अस्थीची भिंत घालून बंद केलेल्या खोबणी, घुमटासारखा वाटोळा माथा, आणि मोजून बत्तीस दात! संख्या आपल्याइतकीच, मांडणी मात्र निराळी; आपल्या जबड्याच्या प्रत्येक बाजूस उपदाढा दोन व दाढा तीन, त्याला उपदाढा तीन व दाढा दोन. खालचे पटाशीचे दात जवळजवळ सुळ्यांच्या उंचीचे, कारण झाडाच्या सालीला भोके पाडून डिंक खाणे हा त्याचा नित्याचा उद्योग आहे.

या साम्याने मनुष्य पूर्वीपासून अस्वस्थ होत आला आहे. अठराव्या शतकात पेट्रस कॅम्पर या डच शरीरशास्त्रज्ञाने असे प्रतिपादिले की, वरच्या जबड्यात पटाशीचे दात धारण करणारे मधले हाड माकडांना असते, मनुष्याला नसते. आणि मनुष्याच्या पृथक्त्वाचा तो एक सबळ दाखला मानला गेला. 1784 मध्ये जर्मन कवी गटे याने येना येथे कवट्या ताडून पाहिल्या आणि तेच हाड मनुष्यातही असते, फक्त त्याची शिवण लवकर बुजते, असे दाखविले. गटेचा विजय मला मनापासून प्रिय आहे. परंतु दोन्ही पक्षांच्या मुळाशी असलेली एक समजूत मला मान्य नाही, ती ही की, प्राणी आपल्यासारखा ठरला तरच आपण त्याचे काही देणे लागतो.

आपल्याकडील दर्शनांत मनुष्य व प्राणी यांच्या नात्याचा विचार अधिक खोल गेला आहे. जीव देहाच्या आकाराचा असतो, दिव्याचा प्रकाश जसा खोलीप्रमाणे संकोचतो वा पसरतो, असे जैन म्हणतात. जीव असा लहानमोठा होऊ लागला तर तो अनित्य ठरेल, असा आक्षेप शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात घेतला. हा वाद मिटवण्याचा माझा अधिकार नाही. मात्र जैन विचारात प्राण्यांची प्रतवारी आकारावर होत नाही, इंद्रियांच्या संख्येवर होते, आणि त्या गणनेत हे मूठभर माकड व त्याला पाळणारा मालक एकाच पंचेंद्रिय वर्गात बसतात, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आता पिंजऱ्यातल्या मार्मोसेटकडे पाहू. अमेरिका खंडातील माकडांना जीवनसत्त्व ड3 विपुल लागते. वनस्पतिजन्य ड2 त्यांच्या फारसे उपयोगी पडत नाही, आणि खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हातले आवश्यक किरण काचेतच अडतात. मालक प्रेमाने केळी व द्राक्षे चारीत राहतो आणि अस्थी आतून झिजत राहतात. पुढे हालचाल मंदावली, जबडा सुजला, की पशुवैद्याकडे नेतात. तेथे मुखवट्यातून भूल दिली जाते, देह गार पडू नये म्हणून उबेची तजवीज होते, हातपाय चिकटपट्टीने स्थिर करून कवटी अचूक कुशीवर ठेवली जाते, कारण ती किंचित कलली तरी उजव्याडाव्या बाजूंच्या छाया एकमेकींत मिसळून काहीच उलगडत नाही. फिल्म तयार होते तेव्हा जबड्याची रेषा पुसट झालेली असते; दातांच्या मुळांभोवती निरोगी अस्थीत दिसणारी पांढरी किनार नाहीशी झालेली असते, आणि दात आधारावाचून हवेत लोंबकळल्यासारखे दिसतात. शिवाय अस्थीतील खनिजाचा सुमारे तिसरा हिस्सा गेल्यावाचून साध्या चित्रात फरक सहसा उमटत नाही. म्हणजे आपल्याला पुरावा मिळतो तोवर त्या जिवाने पुष्कळ सोसलेले असते.

तत्त्वचिंतकाने या चित्रासमोर थांबले पाहिजे. वेदना फिल्मवर उमटत नाही, आणि हे माकड आपल्याइतके दुःख भोगते काय, हे त्या छायेवरून कोणालाही सिद्ध करता येणार नाही. पण तेथे जे उमटले आहे ते आपले कर्म आहे, आणि त्याची जबाबदारी ठरविण्यासाठी माकडाचा जबडा आपल्यासारखा असण्याची काडीचीही गरज नाही. ज्याने अरण्यातले ऊन काढून घेतले, तो त्या उन्हाचे देणे लागतो. साम्य असो वा नसो.

भारतात 2022 च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव संरक्षण कायद्याने अशा परदेशी प्राण्यांची नोंद करणे मालकावर बंधनकारक केले आहे; परंतु दफ्तरातली नोंद हाडांत कॅल्शियम भरीत नाही. म्हणून ज्यांच्या घरी हा प्राणी आज आहे त्यांनी तो आजारी पडण्याची वाट न पाहता जाणत्या पशुवैद्याच्या सल्ल्याने त्याचा आहार ठरवावा व काचेवाचूनचे ऊन त्याला द्यावे. आणि ज्यांच्या घरी तो नाही, त्यांनी तो आणूच नये.