हाडातलं घड्याळ

१९७४ साली कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेतले जेफ्री बाडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेल मार इथल्या मानवी अवशेषांचं वय जाहीर केलं : ४८ हजार वर्षं. माणूस अमेरिकेत पोचला तो फार तर १२ हजार वर्षांपूर्वी, असं तेव्हाचे बहुतेक पुरातत्त्वज्ञ धरून चालले होते. पाठोपाठ सनीव्हेलच्या सांगाड्याला तर ७० हजार वर्षं मिळाली. खळबळ उडणारच होती.

या आकड्यांमागची कल्पना मात्र साधी आणि देखणी होती. काही रेणूंना आरशातल्या प्रतिमेसारखं जुळं रूप असतं, हे लुई पाश्चरने १८४८ मध्येच दाखवलं होतं. सजीवांची प्रथिनं जवळजवळ पूर्णपणे डाव्या रूपाच्या अमिनो आम्लांची बनतात. जीव गेला की ही शिस्त सांभाळणारं कुणी उरत नाही. डावे रेणू हळूहळू उजवे होऊ लागतात आणि शेवटी दोन्हींचं प्रमाण सारखं होतं. मग उजव्यांचं प्रमाण मोजून वय का काढू नये?

जीवाश्मांत अमिनो आम्लं टिकतात, हे १९५४ मध्ये फिलिप एबलसन यांनी दाखवलं. (नेपच्युनियमच्या शोधातले तेच एबलसन. बॉम्बच्या काळातल्या या माणसाने पुढे जुन्या शिंपल्यांत डोकं घालावं, याची मला नेहमी मौज वाटते.) साठच्या दशकात एड हेअर यांनी शिंपल्यांमधलं हे डाव्या-उजव्याचं गणित पुढे नेलं आणि बाडांनी ते हाडांना लावलं. त्या काळच्या रेडिओकार्बन पद्धतीसाठी हाडाचा भलामोठा तुकडा जाळावा लागे. इथे चिमूटभर पुरे.

अडचण होती तापमानाची. किरणोत्सारी कार्बनला ऊन-थंडीचं काही देणंघेणं नसतं, रासायनिक क्रियेला असतं. चार-पाच अंशांनी उष्णता वाढली तरी वेग दुपटीच्या आसपास जातो. हजारो वर्षांत त्या जमिनीने किती ऊन सोसलं, हे कोण सांगणार? बाडांनी यावर हुशार तोड काढली. त्याच भागातलं, रेडिओकार्बनने वय ठरलेलं एक हाड घ्यायचं, त्यावरून तिथला वेग काढायचा आणि तोच बाकीच्या हाडांना लावायचा. त्यासाठी निवडली लगुना इथे सापडलेली कवटी, वय सुमारे १७ हजार वर्षं.

म्हणजे हे घड्याळ स्वतंत्र कधी नव्हतंच. ते दुसऱ्या घड्याळावर लावलेलं होतं. ऐंशीच्या दशकात त्वरकयंत्राच्या साहाय्याने मिलिग्रॅमभर कार्बनही मोजता येऊ लागला, तेव्हा लगुनाची कवटी जेमतेम ५ हजार वर्षांची निघाली. तिच्यावर बेतलेले सगळे आकडे कोसळले. यापैकी एकही सांगाडा ११ हजार रेडिओकार्बन वर्षांपलीकडचा नाही, असा निष्कर्ष १९८५ मध्ये छापून आला. आधीचे आकडे मोडणाऱ्या या नव्या मोजणीत बाडा स्वतःही सहभागी होते, हे मला त्या ४८ हजारांपेक्षा मोलाचं वाटतं.

पण सगळा दोष लगुनाच्या कवटीवर ढकलणं सोयीचं असलं तरी पुरेसं नाही. हाडच मुळात या कामाला वाईट. ज्या अमिनो आम्लावरून ही वयं काढली, त्या अस्पार्टिक आम्लाला रूप पालटताना मध्ये एक कडं तयार करावं लागतं, आणि हाडातल्या मुख्य प्रथिनाच्या, कोलॅजेनच्या, घट्ट तिपेडी पिळात त्या कड्याला जागाच मिळत नाही. पीळ सुटला की क्रिया भराभर होते. पण सुटलेलं प्रथिन पाण्याबरोबर वाहूनही जातं. त्यामुळे हाडातलं प्रमाण किती काळ लोटला यापेक्षा कोलॅजेन किती बिघडलं, हेच जास्त सांगतं.

कल्पना टिकली ती बंदिस्त जागी. दातातली प्रथिनं शरीर पुन्हा बदलत नाही, म्हणून जिवंत माणसाच्या दातातही हे प्रमाण वयाबरोबर वाढतं, हे बाडा आणि हेल्फमन यांनी १९७५ मध्येच दाखवलं होतं. शरीराचं तापमान ठरलेलं असल्याने मुख्य अडचणच तिथे नाही. न्यायवैद्यक तज्ज्ञ अनोळखी मृतदेहाचं वय काढायला दात वापरतात ते यामुळेच. १९९९ मध्ये डोळ्याच्या भिंगावरून अलास्काच्या एका बोहेड देवमाशाचं वय २११ वर्षं असल्याचा अंदाज निघाला. शहामृगाच्या अंड्याचं कवच आणि गोगलगायीचं चुनखडी झाकण यांच्या स्फटिकांत कोंडलेली प्रथिनंही भरवशाची ठरली. २०११ मध्ये कर्स्टी पेंकमन आणि सहकाऱ्यांनी अशा झाकणांवरून ब्रिटनमधल्या हिमयुगीन थरांचा क्रम लावला.

हाडाला मधल्या काळात वेगळं काम मिळालं होतं. उजव्या रेणूंचं प्रमाण जास्त असेल, तर त्या हाडात डीएनए शोधण्यात अर्थ नाही, असं १९९६ मध्ये सुचवलं गेलं. २००९ च्या तपासणीत तीही चाचणी फारशी कामाची नसल्याचं दिसलं. कारण तेच : कोलॅजेनचा पीळ.