आधी कान, मग तोंड

परवा नव्या मुलांसमोर तू जे बोललास ते मी मागच्या खुर्चीत बसून ऐकलं. तेव्हा गप्प राहिलो, कारण चार पोरांदेखत तुझा पाणउतारा करायचा नव्हता. आता ऐकून घे. ‘रीइश्यू म्हणजे मेलेला आवाज, ओरिजिनल ती ओरिजिनलच’ हे वाक्य तू उचललंस कुठून? तुझ्या कानांनी ते तुला सांगितलेलं नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला, हे बाजारात खपत असेल. गाणं शिकायला आलेल्या पोरांसमोर खपवून घेणार नाही.

निवड तू चांगली केली होतीस. मास्टर दीनानाथांचं ‘संन्यस्त खड्ग’मधलं पद. सावरकर इथे रत्नागिरीत स्थानबद्ध होते त्याच काळात, १९३१ साली, बलवंत संगीत मंडळीनं त्यांचं हे नाटक रंगभूमीवर आणलं; चाली वझेबुवांच्या. आपल्या गावाशी असं नातं असलेली गाणी आपल्या पोरांच्या कानांवर पडलीच पाहिजेत. पण तू केलंस काय? आधी लाखेची जुनी रेकॉर्ड लावलीस, मग त्याच पदाची पुढे निघालेली एलपी. दोन्हींना सुई तीच! ७८ फेऱ्यांच्या, म्हणजे लाखेच्या, रेकॉर्डची चर एलपीच्या चरीपेक्षा साधारण तिप्पट रुंद असते. एलपीची बारीक सुई तिच्यात तळाशी जाऊन घासते आणि कित्येक दशकांची साचलेली घाण ढवळत बसते. जी खरखर ऐकून तू मुलांना ‘हा जुन्याचा बाज’ म्हणून सांगितलंस, ती निम्मी तुझ्या चुकीच्या सुईची होती. दीनानाथांची तान त्या खरखरीखाली दबून गेली आणि तू मान डोलावत होतास.

दुसरी गोष्ट. जुनी रेकॉर्ड लावताना तू आवाज वाढवलास, एलपी लावताना तो तसाच ठेवायचं तुला सुचलं नाही. किंचित मोठा आवाज कानाला नेहमी भरदार वाटतो, प्रत्येक कानाला, माझ्याही. म्हणून दोन रेकॉर्डी ताडून पाहायच्या तर पहिल्यांदा दोन्हींचा आवाज सारखा लावायचा. एवढी साधी शिस्त न पाळता तू निकाल देऊन मोकळा झालास.

आणि वेग? तंबोऱ्याचा पंचम कणभर उतरला तरी तुला खुपतो, हे मीच तुला शिकवलं. मग रेकॉर्ड किती फेऱ्यांनी फिरते आहे हे तपासायला काय झालं होतं? १९०२ साली कलकत्त्याला गौहरजानचं गाणं भरलं गेलं, त्यानंतर कितीतरी वर्षं सगळ्या कंपन्यांचा वेग एकसारखा नव्हता. ७५ फेऱ्यांवर भरलेलं गाणं ७८वर वाजवलं तर पेटीच्या दोन शेजारच्या पट्ट्यांत जेवढं अंतर, त्याच्या जवळजवळ दोन तृतीयांश सूर चढतो. गवयाचा आवाज बारीक होतो, तान नको तेवढी झपाट्याची वाटते. रीइश्यू करणाऱ्यानं वेग नीट लावला असेल तर त्या बाबतीत ती नवी एलपी तुझ्या ‘ओरिजिनल’पेक्षा खरी. लावला नसेल तर खोटी. हे ऐकून ठरवायचं असतं, कव्हर बघून नाही.

आता सगळ्यात मोठा अपराध. तू खिशातून स्पिरिटचा बोळा काढलास आणि ती लाखेची रेकॉर्ड पुसायला घेतलीस. मी धावत येऊन तुझा हात धरला तेव्हा तुला राग आला. अरे, सुतार फर्निचरला पॉलिश करतो तेव्हा चपडी लाख कशात विरघळवतो? स्पिरिटमध्ये! तू दीनानाथांचं गाणं पुसून काढायला निघाला होतास. ७८ची रेकॉर्ड लाखेची, तिला स्पिरिट वर्ज्य. मऊ कापड, डिस्टिल्ड वॉटर, अगदी थोडा सौम्य साबण, आणि मधल्या कागदी लेबलाला पाण्याचा स्पर्श नाही. एलपी विनाइलची, तिचे नियम वेगळे. आपल्याकडच्या पावसाळ्यात कव्हरांना बुरशी धरते, म्हणून पुसावं लागतंच. पण कशानं पुसतो हे न कळता पुसणारा माणूस रेकॉर्ड ठेवायला लायक नाही.

‘ओरिजिनल’ म्हणजे तरी काय, हे तू कधी विचारलंस? ‘गीतरामायण’चा जुना एलपी संच तू ओरिजिनल म्हणून मिरवतोस. गीतरामायण १९५५च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवर सुरू झालं, वर्षभर चाललं, ५६ गाणी, गायक अनेक. बाबूजींच्या, म्हणजे सुधीर फडक्यांच्या, एकट्याच्या आवाजातला रेकॉर्ड संच नंतरचा. तो अनमोल आहे, पण तोही पहिला नाही. पहिली छपाई जवळची असते ती ताज्या मास्टर टेपला. टेप जुनी होत जाते म्हणून तिला मोल. पण एकाच साच्यातून शेकडो प्रती निघतात आणि साचा झिजतो, म्हणजे एकाच छपाईतली पहिली प्रत आणि शेवटची प्रतसुद्धा सारखी नसते. त्यातून ती प्रत कुणाच्या घरी पाच-सहा ग्रॅम वजनाच्या सुईखाली वीस वर्षं वाजली असेल, तर तिच्या चरीतले वरचे सूर कधीच खरवडून गेले आहेत. एलपीच्या आतल्या कडेला सुईखालून जाणाऱ्या चरीचा वेग बाहेरच्या कडेच्या निम्म्याहून कमी होतो, आणि झिजलेल्या प्रतीत द्रुत बंदिश बहुधा नेमकी तिथेच फाटते. ते फाटणं ऐकू येत नसेल तर तुझा रियाज कमी पडतोय.

रीइश्यूंची मी वकिली करतोय असं समजू नकोस. खरखर काढण्याच्या नादात तंबोऱ्याची जवारी आणि सारंगीचा ताण पुसून टाकलेल्या रीइश्यू मी ऐकल्या आहेत. त्यांना माझ्या घरात जागा नाही. अमेरिकेतल्या मोबाइल फिडेलिटी या कंपनीच्या महागड्या रीइश्यूंना जगभरचे शौकीन शुद्ध ॲनालॉग म्हणून डोक्यावर घेत होते. २०२२ साली उघड झालं की त्यांतल्या अनेकांत मधे डिजिटल टप्पा होता. वर्षानुवर्षं ते कुणाच्या कानाला कळलं नव्हतं. ती माणसंही लेबलच ऐकत होती. अर्ध्या हळकुंडानं पिवळं व्हायचं नसेल तर यातून शीक.

माझं मत विचारशील तर, ७८ची जपलेली मूळ रेकॉर्ड, योग्य सुई, योग्य वेग, यांच्यापुढे गळ्याच्या बाबतीत कुठलीही नक्कल फिकी. पण एलपीच्या काळातलं गाणं असेल तर घासून गुळगुळीत झालेल्या पहिल्या छपाईपेक्षा चांगल्या टेपवरून निगुतीनं केलेली रीइश्यू मी निःसंकोच घेईन.

येत्या रविवारी सकाळी एकाच गाण्याच्या दोन एलपी, पहिली छपाई आणि रीइश्यू, घेऊन ये, ती मुलंही येऊ देत. लेबलं मी झाकून ठेवीन, आवाज सारखा लावीन. तू डोळे मिटून ऐक, तान कुठे मोकळी वाटते आणि कुठे गुदमरते ते सांग. चुकलास तर मुलांसमोर कबूल कर, आणि परवाचं ते वाक्य त्यांच्यासमोरच मागे घे.