अंगी लागणं

मे संपत आला की मुंबईत मरोळच्या सुक्या मासळीच्या बाजारात आगोटीच्या बेगमीची घाई असते. बोंबील, जवळा, सोडे, खारवलेला बांगडा. तिथून पिशवी भरून घरी आलं की मला आजीची एक तक्रार हटकून आठवते : 'पोरगं खातं ढीगभर, पण अंगी लागत नाही.' खाणं आणि अंगी लागणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे आपल्या भाषेला शरीरशास्त्राच्या पुस्तकाआधी ठाऊक होतं.

गिळलेला घास पोटात गेला म्हणजे आपला झाला, असं आपण समजतो. पण तोंडापासून गुदद्वारापर्यंतची नळी दोन्ही टोकांना उघडी असते. तिच्या पोकळीत जे आहे ते अजून बाहेरच्या जगाचंच. आत घ्यायचं की नाही, हे ठरतं लहान आतड्याच्या अस्तराशी. या अस्तरावर जेमतेम मिलिमीटरभर उंचीचे लक्षावधी अंकुर असतात आणि अंकुरांवरच्या पेशींना आणखी बारीक लव. सगळं पसरलं तर टेनिसचं मैदान भरेल, असं आम्ही शाळेत शिकलो. 2014 साली स्वीडनमधल्या संशोधकांनी नीट मोजलं तेव्हा ते तीसेक चौरस मीटर भरलं. म्हणजे सव्वातीनशे चौरस फूट, मरोळमधलं एखादं वन-रूम-किचन! मला हा लहान आकडाच जास्त आवडला. एवढ्याशा जागेत किती संसार मावतो, हे इथल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

आणि उंबऱ्यावरचे राखणदार तरी कोण? तीन ते पाच दिवसांत झडून जाणाऱ्या पेशी. काल ज्यांनी भात आत घेतला, त्यातल्या कित्येक उद्या नसतील.

प्रत्येक पोषकद्रव्याचं दार निराळं. लोह सुरुवातीलाच, आद्यांत्रात घेतलं जातं. बी-12 ला थेट शेवटच्या टोकापर्यंत जावं लागतं. बहुतेक स्निग्धांश रक्ताची वाट सोडून लसिकेतून जातो आणि मानेच्या तळाशी रक्ताला मिळतो. साखरेची गोष्ट मात्र विलक्षण आहे. ग्लुकोज या दारातून एकटं आत येत नाही, त्याला सोडियमची सोबत लागते, ही कल्पना जैवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी 1960 साली प्राग इथे मांडली. ग्लुकोजच्या एका रेणूमागे सोडियमचे दोन आयन, आणि त्यांच्या मागोमाग पाणी. पटकीत आतड्यातून पाण्याचे लोट बाहेर पडतात, तरी हे जोडीचं दार शाबूत राहतं. 1971 साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजून असंख्य जीव वाचवले, ते याच दारातून.

चरकाने आतड्यातल्या या जागेला ग्रहणी म्हटलं : अन्न धरून ठेवणारी, पचल्यावर पुढे सोडणारी. तो अग्नीच्या भाषेत बोलतो, त्याला सूक्ष्मदर्शक ठाऊक नव्हता. ओढूनताणून त्याच्या तोंडी आजचं विज्ञान घालण्यात अर्थ नाही. तरीही 'ग्रह्' धातूची निवड अचूक वाटते. ही जागा नुसती शोषत नाही, पारखून घेते. ती बिघडली की होणाऱ्या आजारालाही ग्रहणीच म्हणतात. आजी संग्रहणी म्हणायची. काही चिवट अतिसारांत हे अंकुर खरोखरच झिजून सपाट होतात, आणि भरल्या ताटावर बसून माणूस वाळत जातो.

पोट बिघडलं की आजी आम्हाला पेज द्यायची. तिच्यात साखर कधी घातली नाही. तांदळाच्या पिठूळपणातून आतडं आपलं ग्लुकोज काढून घेतं. मीठ मात्र ती चिमटीनं घालायची, चाखायची, पुन्हा थोडं घालायची. भाजलेल्या सुक्या बांगड्याचा तुकडा मिळायचा तो जुलाब थांबल्यावरच, दोन दिवसांनी.