कोणाच्या वाट्यातून?

दोन बाजू हट्टाला पेटल्या की मधला मार्ग सुचवणाऱ्याला दोन्हीकडची बोलणी खावी लागतात. तरीही असा माणूस समाजाला हवाच असतो. अमेरिकेचे रॉजर शर्मन हे तसे गृहस्थ.

१७२१ साली मॅसॅच्युसेट्समध्ये जन्म. शाळा बेताची; वडिलांकडून जोडे शिवण्याचे काम शिकले. पुढे कनेक्टिकटमध्ये आले, स्वतःच्या अभ्यासाने गणित शिकून जमीन मोजू लागले, पंचांगे काढली आणि १७५४ मध्ये वकील झाले. नंतर न्यायाधीश, न्यू हेवनचे पहिले महापौर आणि अखेरीस सिनेटर. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर त्यांची सही आहे, १७८७ च्या राज्यघटनेवरही आहे.

ही राज्यघटना फिलाडेल्फियाच्या सभेत तयार होत असताना मोठी राज्ये लोकसंख्येप्रमाणे प्रतिनिधी मागत होती, छोटी राज्ये समान मतावर अडून बसली होती. ११ जूनला शर्मन यांनी सुचवले : एका सभागृहात लोकसंख्येचा हिशेब धरा, दुसऱ्यात प्रत्येक राज्याला सारखे मत द्या. समान मताची मागणी त्याच दिवशी ५ विरुद्ध ६ मतांनी फेटाळली गेली. शर्मन यांनी ती सोडली नाही. १६ जुलैला तोच तोडगा ५ विरुद्ध ४ अशा मतांनी स्वीकारला गेला. अमेरिकेची सिनेट आजही त्यावर उभी आहे.

पण त्याच सभेत ऑगस्टमध्ये गुलामांच्या व्यापाराचा प्रश्न आला. शर्मन यांना तो व्यापार नापसंत होता; तरी संघराज्य फुटू नये म्हणून तो विषय आहे तसाच राहू द्यावा, असे ते म्हणाले. १८०८ पर्यंत बंदी घालता येणार नाही, असे घटनेत लिहिले गेले.

पहिल्या तडजोडीत दोन्ही बाजूंनी आपापल्या मागणीतला काही भाग सोडला. दुसरीत ज्यांचे आयुष्य पणाला लागले, त्यांच्यातला एकही जण त्या सभागृहात नव्हता.

आज घरात, कचेरीत, सोसायटीच्या बैठकीत कुठेतरी आपल्यालाही मिटवामिटवी करावी लागेल. ती जरूर करावी, पहिल्यांदा नकार आला तरी पुन्हा करावी. मात्र हात मिळवण्याआधी विचारावे, आपण देतो आहोत ते आपल्या वाट्यातले आहे ना? दुसऱ्याच्या वाट्यातले देण्याचा अधिकार आपल्याला कोणीही दिलेला नाही.