मुफ्तीचे काम कोणते?

आलिमाने राजदरबारापासून दूर राहावे, असे आपल्या थोरामोठ्यांनी वारंवार बजावले आहे. मग जो दरबाराचाच वेतनदार आहे, त्याच्या मुखातून सत्य निघावे तरी कसे? हा प्रश्न मनात आला की शेखुल इस्लाम अली जमाली एफेंदी (रह.) आठवतात. १५०३ पासून १५२६ मधील निधनापर्यंत त्यांनी तीन उस्मानी सुलतानांच्या काळात हे पद सांभाळले. ते घराच्या खिडकीतून टोपली खाली सोडत; लोक तीत प्रश्न लिहून ठेवत आणि उत्तरही तीतूनच खाली येई. म्हणून लोक त्यांना ‘जंबिल्ली’, म्हणजे टोपलीवाले, म्हणत.

खरी कसोटी लागली ती सुलतान पहिला सलीम (१५१२-१५२०) याच्या कारकिर्दीत. या सुलतानाच्या क्रोधातून वजीरही सुटले नव्हते. एकदा त्याने खजिन्याच्या दीडशे सेवकांना ठार मारण्याचा हुकूम दिला. अली एफेंदी सहसा दरबारात जात नसत. त्या दिवशी गेले. शरीअतनुसार यांचा वध वैध नाही, असे त्यांनी सांगताच सुलतान संतापला : हा राज्यकारभार आहे, तुमचे ते काम नव्हे. ते उत्तरले की मी आपल्या परलोकाविषयी बोलतो आहे आणि ते माझेच काम आहे.

सुलतानाने क्षमा केली. एफेंदी एवढ्यावर थांबले नाहीत. हे आपले सेवक आता दारोदार भीक मागतील, ते आपल्या इभ्रतीला शोभेल काय, असे विचारून त्यांनी सर्वांना पूर्वपदावर घ्यायला लावले. हलगर्जीपणाबद्दल शिक्षा करीन, असे सुलतान म्हणाला, तेव्हा तो अधिकार त्यांनी निमूट मान्य केला. सुलतानाचा हक्क नाकारण्यासाठी ते गेलेच नव्हते. त्या हक्काची सीमा दाखवण्यासाठी गेले होते.

पुढे रेशीमखरेदीची बंदी मोडणाऱ्या चारशे जणांना बांधून नेताना त्यांनी पाहिले. याही वेळी सुलतानाने ऐकले नाही, तेव्हा ते सलाम न करताच निघून गेले. सुलतान बराच वेळ घोड्यावर तसाच स्तब्ध राहिला. मग त्याने सर्वांना सोडले आणि एफेंदींना साम्राज्याच्या दोन्ही विभागांचे सर्वोच्च न्यायाधीशपद देऊ केले. “मी निवाडा दिला” हे शब्द कधी उच्चारणार नाही, असा अल्लाहशी आपला करार आहे, असे कळवून त्यांनी नकार दिला. सुलतानाने मग पाचशे सुवर्णनाणी पाठवली. ती त्यांनी घेतली.

काही वाचकांना हे खटकेल. मलाही क्षणभर खटकले. परंतु ते पद त्यांनी स्वीकारले असते, तर पुढच्या चारशे कैद्यांच्या शिक्षेवर कदाचित त्यांचीच मोहोर उमटली असती.