शब्दांचीही अमानत असते



पाचवी ते आठवीत शिकणाऱ्या मुलांच्या घरी प्रकल्पवही देण्याच्या आदल्या रात्री काय चालते, हे आपण जाणतोच. मोबाईलवर विषय शोधला जातो, तयार मजकूर मिळतो आणि मूल तो उतरवून घेते. कधी पूर्ण वहीच दुसऱ्याकडून करून आणली जाते. पहिल्या पानावर मात्र ठळक अक्षरांत मुलाचे नाव असते. हे वाङ्मयचौर्य आहे, असे म्हटले की पालक विचारतात, "शब्द घेतल्याने कुणाचे काय कमी झाले?"

प्रश्न रास्त आहे. दुसऱ्याकडून घेणे हा मुळात दोष नव्हेच. मकतबातील मूल उस्तादांच्या मागून सूरह फातिहा अक्षरशः म्हणते. हाफिज संपूर्ण कुरआन कंठस्थ करतो. परंतु त्यांपैकी कुणीही ते स्वतःचे म्हणून मिरवत नाही. दोष आहे तो पहिल्या पानावरील त्या नावात.

हजरत अस्मा (रजि.) यांच्याकडून आलेली एक हदीस सहीह बुखारी व सहीह मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. एका स्त्रीने प्रेषितांना (स.) विचारले की, पतीने जे दिलेच नाही ते दिल्याचे मी सवतीला भासवले, तर त्यात गुन्हा आहे काय? प्रेषितांनी (स.) अशा माणसाला असत्याची दोन वस्त्रे परिधान करणाऱ्याची उपमा दिली. विचार करा, येथे कुणाची वस्तू चोरीला गेली नव्हती. केवळ नसलेले असल्याचे दाखवले होते. उतरवलेल्या वहीतही अशीच दोन असत्ये असतात : हे मी लिहिले आणि हे मला समजले. सूरह आलि इमरानच्या 188 व्या आयतीतही न केलेल्या कामाची प्रशंसा इच्छिणाऱ्यांना कठोर इशारा आहे.

आपल्या विद्वानांनी ही अमानत प्राणपणाने जपली. इमाम कुर्तुबी (रह.) यांनी आपल्या तफसीरच्या प्रस्तावनेतच प्रत्येक कथन त्याच्या मूळ वक्त्याच्या नावे नोंदवण्याची अट स्वतःवर घालून घेतली. हदीसशास्त्रात तर मधला रावी लपवून थेट वरच्याकडून ऐकल्याचा भास निर्माण करणे, म्हणजे 'तदलीस', हा दोष मानला गेला.

विद्यार्थी मित्रांनो, भरपूर वाचा. मग पुस्तक मिटून जे समजले ते आपल्या शब्दांत लिहा. एखादे वाक्य जसेच्या तसे हवे असेल, तर अवतरणचिन्हांत ठेवून लेखकाचे नाव द्या. चित्र ताईने काढले असेल किंवा मजकूर कृत्रिम बुद्धिमत्तेकडून घेतला असेल, तर तेही प्रामाणिकपणे नोंदवा. वाक्ये साधी होतील, पण ती तुमची असतील.

आणि अशी वही आधीच दिली असेल तर? तौबेसाठी ते कृत्य सोडणे, पश्चात्ताप करणे आणि पुन्हा न करण्याचा निश्चय करणे आवश्यक आहे. कुणाचा हक्क घेतला असेल, तर तो परतही करावा लागतो. शब्द परत करता येत नाहीत, श्रेय करता येते. म्हणून शिक्षकांना खरे सांगा. त्या वहीला बक्षीस मिळाले असेल, तर रात्र जागून स्वतः लिहिणारे कुणी मूल मागे राहिले आहे, हे विसरू नका.

पालकहो, या वयातील अनेक मुले अद्याप बालिग नसतात. त्यांच्या चुकीची नोंद त्यांच्या नावे होत नाही. त्यांना ती शिकवणाऱ्या प्रौढाच्या नावे मात्र होते. उद्या तुमचे मूल खरे बोलून कमी गुण घेऊन घरी आले, तर त्याला रागावू नका, जवळ घ्या. त्या क्षणी तुम्ही काय करता, यावरून ते ठरवील की या घरात गुण मोठे की सत्य.

अल्लाह आपल्या मुलांना लाभदायक ज्ञान, सचोटीची लेखणी आणि सत्य बोलण्याचे धैर्य देवो. आमीन.