दोघांचं पटलं, मग पंच कशाला?

तुम्ही तिघं उभे राहा. बाकीच्यांनी बसा आणि ऐका, कारण या वहीत तुमचेही संघ आहेत.

मार्चपासून वसतिगृहात हा खेळ चालू होता, हे मला माहीत होतं. आठ संघ, आयपीएलचे खेळाडू वाटून घेतलेले, धावेला एक गुण, बळीला पंचवीस. पैसा कुठंच नव्हता, म्हणून मी आड आलो नाही. उलट बेरजा तपासताना बरं वाटायचं. काल मात्र १० एप्रिलच्या पानावर आलो आणि पुढं वाचवेना. वाचून दाखवतो: 'ऋतुराज गायकवाड आठवीच्या संघाला. साई सुदर्शन अकरावीच्या संघाला. दोघे राजी. अदलाबदल बरोबरीची.' खाली तीन सह्या. तुमच्या. पंच म्हणून.

बरोबरीची? कोणत्या तराजूवर तोललं होतं?

३० मार्चला गुवाहाटीत तुषार देशपांडेचा चेंडू ऋतुराजच्या कोपराला लागला. तसाच तो पुढचे दोन सामने खेळला. १० एप्रिलला चेन्नईचे प्रशिक्षक स्टीफन फ्लेमिंग यांनी जाहीर केलं की हाडाला तडा गेला आहे, ऋतुराज या हंगामात पुन्हा खेळणार नाही, कप्तानी धोनीकडे. त्याच रात्री अकरावीतला मुलगा आठवीतल्याच्या खाटेशी गेला. म्हणाला, तुला ऋतुराज आवडतो ना, घे, मीच घाटा सोसतो. पोराकडे फोन नाही. त्याला आपला मराठी कप्तान मिळाला म्हणून तो रात्रभर खूश होता. दुसऱ्या दिवशी धोनी नाणेफेकीला आला तेव्हा त्याला कळलं. तो रडला नाही, भांडला नाही, तुमच्याकडेही आला नाही. का आला नाही, याचा विचार केलात? तुमच्या सह्या त्यानं पाहिल्या होत्या.

मी विचारलं तेव्हा तुमच्यातला एक म्हणाला, "सर, ऋतुराज अठरा कोटीचा, सुदर्शन साडेआठ कोटीचा. लहान्याचाच फायदा झाला." अरे, ते अठरा कोटी चेन्नईनं त्याला आपल्याकडे राखण्यासाठी मोजले. तुमच्या वहीत कोटी मोजतात की धावा? धावा तर तुम्हीच लिहिल्या आहेत, दोन पानं आधी. त्या तारखेपर्यंत दोघांचे पाच-पाच सामने झाले होते. सुदर्शन: ७४, ६३, ४९, ५, ८२. बेरीज २७३. ऋतुराज: ५३, ०, ६३, ५, १. बेरीज १२२. दुखापत क्षणभर बाजूला ठेवली तरी एकाच्या धावा दुसऱ्याच्या दुपटीहून जास्त. आणि सुदर्शनच्या ८२ धावा तर आदल्याच दिवशीच्या, शाई वाळायची होती. निवाडा करायला बसलात आणि दोन पानं मागं उलटायचे कष्ट घेतले नाहीत. मोठा आकडा दिसला, मोठं नाव दिसलं, आणि माना डोलावल्यात.

दुसऱ्याचं उत्तर मला जास्त लागलं. "दोघायचं पटलं होतं सर, मंग आमी का करणार?"

हे तू बोलतोस? तू एटापल्लीकडचा. घरी जाशील तेव्हा आज्याला विचार, त्याच्या लहानपणी बाजारात चारोळी कशी जायची. मिठाच्या भारोभार जायची. मीठ रानात पिकत नाही आणि मिठावाचून भागत नाही. व्यापारी मीठ घेऊन यायचा, आपली माणसं चारोळी घेऊन जायची, एका पारड्यात हे, दुसऱ्यात ते, काटा अगदी मधोमध. कुणी कुणावर हात उगारला नाही. दोघायचं पटलंच होतं! आज त्याच चारोळीचा किलोचा भाव हजाराच्या वर आहे, तेव्हाही शहरात ती मिठाच्या भावानं विकली जात नव्हती. हे व्यापाऱ्याला माहीत होतं, आपल्या माणसाला नव्हतं. त्या सौद्यात लबाडी काट्यात नव्हतीच, ती या न सांगितलेल्या भावात होती. तुझी आई मे महिन्याच्या उन्हात सत्तर पानं मोजून तेंदूचा एकेक पुडा बांधते. पानं विकायच्या फळीवर कुणी तिला जुना दर सांगून नव्या दराची पानं घेतली, तर तू म्हणशील का, आईचं पटलं होतं?

राजी असणं ही सुरुवात झाली. पंचाचं काम तिथून पुढं असतं. नुसत्या राजीखुशीवर भागलं असतं तर तुम्हा तिघांना बसवायची गरजच काय होती? धानोऱ्याच्या वाटेवर मेंढा (लेखा) गाव आहे, इथं बसलेल्या चौघांची नाती तिथं आहेत. त्या गावाला २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ पासून गाव आपला बांबू आपण विकू लागलं. तिथं अभ्यासगट बसतात. आधी समजून घेतात, मग ग्रामसभेत बोलतात, आणि एकाचंही मन मानत नसेल तर निर्णय थांबतो. शाळेची पायरी न चढलेली म्हातारी माणसं हे करतात. तुम्ही दहा-अकरा वर्षं शाळेत काढलीत आणि एक प्रश्न विचारला नाहीत.

एकच प्रश्न पुरला असता: जे याला माहीत आहे, ते त्यालाही माहीत आहे का?

मागं बसून कुजबुजणाऱ्यांनो, तुम्हीही ऐका. तुम्ही आज म्हणताय, सुदर्शननं हंगामात ७५९ धावा काढल्या, ऑरेंज कॅप घेतली, म्हणून सौदा वाईट. हेही चूक. १० एप्रिलला ७५९ कुणालाच दिसत नव्हते. निकाल बघून निवाडा करणं म्हणजे भात कापल्यावर बियाणं निवडणं. २०१९ च्या हंगामाआधी हैदराबादनं शिखर धवन दिल्लीला दिला आणि विजय शंकर, शाहबाज नदीम आणि अभिषेक शर्मा असे तिघे घेतले. धवनची किंमत ५.२० कोटी, तिघांची मिळून ६.९५ कोटी, वरचा फरक हैदराबादनं रोख भरला. अभिषेक तेव्हा अठरा वर्षांचा, ५५ लाखांचा पोरगा. धवननं दिल्लीसाठी २०१९ मध्ये ५२१ आणि २०२० मध्ये ६१८ धावा केल्या, दिल्ली पहिल्यांदा अंतिम सामन्यात गेली. अभिषेकचं झाड फळायला पाच वर्षं लागली: २०२४ मध्ये ४८४ धावा, २०२५ मध्ये पंजाबविरुद्ध एका डावात १४१. सांगा, कोण फसलं? कुणीच नाही. दिल्लीला तयार सलामीवीर हवा होता, हैदराबादला जास्त माणसं हवी होती. कुणाचं हाड मोडलंय हे कुणी लपवलं नव्हतं. आणि समजा अभिषेक पुढं चमकलाच नसता, तरी तो सौदा खोटा ठरला नसता.

म्हणून आठवीतल्या पोरानं सगळं कळल्यावरही, 'असू दे, मला ऋतुराजच पाहिजे,' म्हटलं असतं, तर मी तुम्हाला आज उभं केलं नसतं. आवडीपायी चार गुण गमवायचा हक्क त्याला आहे. आपल्या अकलेनं चुकायचा हक्क प्रत्येकाला आहे, तो पंचांनी हिरावून घेऊ नये. प्रत्येक तिरक्या सौद्यात हात घालणारा पंचही मला नको. पण त्या पोराला चुकूसुद्धा दिलं नाही तुम्ही. त्याच्या डोळ्यावर फडकं बांधून त्याच्याकडून सही घेतली गेली आणि तुम्ही ती साक्षीनं पक्की केलीत.

आता तिसरा. तू अजून काही बोलला नाहीस. मान वर कर. त्या संध्याकाळी बातमी तुझ्या फोनवर होती, हे तूच मला काल रात्री येऊन सांगितलंस. आलास, ते बरं केलंस. पण अडीच महिने उशिरा आलास. अकरावीतला तुझा मित्र, एका ताटात जेवणारा, त्याच्याविरुद्ध कसं बोलावं, असं वाटलं तुला. मला ते समजतं. मैत्री एवढी जड वाटत होती तर पंचाच्या जागेवरून उठायचं होतं. उठून सांगायचं होतं, तो माझा मित्र आहे, मी यात बसणार नाही. जागाही सोडली नाहीस आणि तोंडही उघडलं नाहीस. या दोघांनी पान उलटलं नाही, हा आळस. तुझं तसं नाही. तुला ठाऊक होतं, आणि तरी तू 'बरोबरीची' या शब्दाखाली नाव लिहिलंस.

हंगाम ३ जूनला संपला, गुण बदलून आता कुणी जिंकणार नाही, असं कुणी म्हणू नका. नोंद तशीच राहिली तर पुढच्या वर्षीचे पंच ती दाखला म्हणून वाचतील.

ही वही घ्या. आज रात्री अभ्यासिका सुटली की पडवीत सगळे बसा. १० एप्रिलचं पान उघडा, त्या दिवशीची बातमी तिसऱ्यानं मोठ्यानं वाचायची, दुसऱ्यानं धावा वाचायच्या. मग त्या पोराला विचारा, त्या रात्री हे माहीत असतं तर त्यानं काय केलं असतं. तो लहान आहे, अडखळेल, त्याला वेळ लागेल. तो बोलत असताना तुम्ही तिघं खाली बसायचं, आणि त्याचं बोलून होईपर्यंत कुणी पेन उचलायचं नाही.